घोकून आणलेली उत्तरं

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुम्हाला विसर पडू लागला तेव्हा त्या आजाराला आपल्या घरात नावही नव्हतं. पाहुणा दारात आला की आई हळूच त्याचं नाव तुमच्या कानात सांगायची आणि तुम्ही त्याच नावाने त्याचं हसून स्वागत करायचात. बाकावरच्या शेजाऱ्याला उत्तर पुरवलं म्हणून मला वर्गाबाहेर उभं करणारे मास्तर तुम्हीच. घराची अब्रू राहिली. उपचार तेवढे राहून गेले.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही सध्या मी वाटूरजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी रुग्ण निवडतो. ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे. ज्यांची उत्तरं चुकतात त्यांना शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवायचं. जीपभाडं, तपासणी, औषध सारं संशोधनाच्या खर्चातून.

काल एक सून सासूला घेऊन आली. सोयाबीन काढायला जाताना म्हातारीला खाटेला बांधून जावं लागतं, हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. मी विचारतो, "मावशी, आज वार कोणता?" "मंगळवार." "महिना?" मावशी महिना सांगतात आणि मी पुढचं विचारण्याआधीच गाव, तालुका, जिल्हा एका दमात म्हणून टाकतात. मी पेन खाली ठेवतो.

"ताई, हे पाठ करून घेतलंत?"

"जीपमधी बसल्यापासून घोकून घेऊन राह्यले, साहेब. नापास झाल्या तर औषध कोण देईन?"

"इथे नापास होणाऱ्यालाच औषध मिळतं."

"अगं बया! मंग करा की नापास. घरी यांना माझं नाव बी येत न्हाई."

तसं करता येत नाही. घोकलेली परीक्षा नियमाने बाद होते आणि तेच प्रश्न सहा महिने पुन्हा विचारता येत नाहीत. मी वरिष्ठांना फोन केला. तेही हेच म्हणाले. केंद्रातल्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. "तिकडं दिवस दिवस कोण बसन? काढणी चालू हाय," म्हणत सुनेने ती पिशवीत टाकली.

दारात मावशी थांबल्या. "मास्तर, मी पास झाले ना?"

"झालात," मी म्हणालो. त्या हसल्या. सुनेने त्यांचं मनगट धरलं आणि दोघी जीपकडे गेल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहितो. हे प्रश्न तुम्हाला विचारले असते, तर आईने त्यांचीही उत्तरं तुमच्या कानात सांगितली असती. ते शेवटपर्यंत कोणी विचारले नाहीत, याचं काल मला प्रथमच बरं वाटलं.