बहीण-भावासारखं

प्रिय निकिता,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, नायतर आज तुझ्यावर लय राग आहे. फोनवर बोलले असते तर घरभर ऐकू गेलं असतं, म्हणून तिसरीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर लिहितेय. अक्षरं तिरकी आलीत. बोलणं सरळच आहे.

तुझा भाऊ समाधान टोमॅटोच्या गाडीखाली सापडला, कंबरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हा तूच म्हणालीस, दादासारख्या माणसांना उभं करायचं शिक्षण घेते. गंगापूर रोडच्या त्या अपंगांच्या सेंटरात तुला शिकाऊ म्हणून घेतलं तर मी अख्ख्या गिरणारे गावात पेढे वाटले. तिथं त्याला चाकाची खुर्ची चालवायला शिकवलं, मोबाइल दुरुस्तीला बसवलं. त्याला मी नावं ठेवत नाय.

पण तुझ्या वहिनीनं, उज्वलानं, धीर गोळा करून सेंटरातल्या तुझ्या मॅडमला विचारलं, आता आम्ही नवराबायको म्हणून कसं राहायचं? जवळ आलो तर यांना इजा होईल का? लेकरू होईल का? पंचविशीही गाठली नाय अजून पोरीनं. तर मॅडम म्हणाली, बहीण-भावासारखं राहा, भजनात मन रमवा. आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून खाली मान घातलीस! वर मला फोनवर सांगतेस, आजी, आमच्या अभ्यासात तो भागच नाय. वा गं वा! माणूस काय कंबरेपर्यंतच शिकवतात का तुम्हाला?

पाय गेले म्हणजे इच्छापण गेली, हे ठरवलं कुणी? तुझे आजोबा शेवटची वर्षं खाटेवर होते. मी त्यांची बायकोच होते, नर्स नव्हते. जास्त सांगत नाय, नात आहेस.

राखीपौर्णिमेला तू आली नाहीस. एका बसचं अंतर, आणि राखी कुरिअरनं! समाधाननं पाकीट फोडलं, उज्वलाला हाक मारली आणि मनगट पुढं केलं. म्हणाला, तूच बांध, मॅडमनी नातं लावून दिलंय ना. मी दारातच होते. तिनं राखी ताटात ठेवली आणि भाकरी थापायला गेली. रडली नाय, त्याचीच मला भीती वाटली. तेव्हापासून तिची पिशवी भरलेली आहे. मनमाडहून तिचा भाऊ न्यायला यायचाय.

रविवारपर्यंत मी तिला थांबवलंय. दोघांना सांगितलंय, निकिता उत्तर घेऊन येतेय. मॅडमला येत नसेल तर डॉक्टरला विचार, पुस्तकं धुंडाळ, पुण्या-मुंबईला फोन लाव. अभ्यासात नसेल तर भांडून घालायला लाव. मला ते उत्तर येत नाय, पण तुला यायलाच पाहिजे. लाज वाटली तर आठव, हे सगळं तुझ्या म्हाताऱ्या आजीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. तुझी राखी याच पाकिटात परत पाठवतेय. त्याचं मनगट अजून रिकामंच आहे. ये, तुझ्या भावाला तूच बांध, आणि उज्वलाला तिचा नवरा परत दे.

तुझीच, पण रविवारपर्यंत रागातच असलेली,
आजी