डब्यावरचा डोंगर

सहम,
शनिवार, ९ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रुबिनास,
सफूरा भाभीचा सलाम वि. वि.

त्या मशीनच्या डब्यावर डोंगराचं चित्र छापणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा कर. पाठीवर पिशवी घेतलेला माणूस, मागे हिरवागार डोंगर आणि हातात तुझं ते वाफेचं मशीन. त्याला दमा आहे असं मला तरी वाटत नाही. दम्याचा माणूस असा दात दाखवत चढ चढत नाही. पण तुझा भाई ते चित्र बघून ठरवून बसलाय की रुबिनाने डोंगरावर चालणारं मशीन पाठवलं, आता मी पेट्यांबरोबर वर जायला मोकळा. मध घ्यायला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा आधी डबा दाखवतो, मग मध.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी परत सांगते, कारण तू विसरल्यासारखी वागतेस. महिनाअखेरीस वर वादीत, डोंगरातल्या दरीत, सिद्र फुलतो. आपल्याकडच्या बोरीचाच भाऊबंद तो. ह्याचा अरब मालक, म्हणजे अर्बाब, आपल्या मधमाश्यांच्या पेट्या वर नेऊन ठेवतो आणि फुलोरा संपेपर्यंत त्यांच्यापाशी तंबूत राहायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे तुझा भाई. तिथे लाईट नाही, फोन लागत नाही, दवाखाना खाली सहमला. गेल्या वर्षी पेटी उघडताना धूर केला, तो ह्याच्या छातीत गेला. बरोबरच्या नुमानने पिकअपमध्ये घालून खाली आणला तेव्हा ओठ जांभळे झाले होते. ते ओठ मी पाहिलेत. तू पाहिले नाहीस, म्हणून तुला मशीन पाठवून मोकळं होता आलं.

आता मशीनचं ऐक. पहिले काही दिवस बरं चाललं. परवा दुकानामागे खजुराची पोती झटकत होते, धूळ उडाली, ह्याची छाती भरली. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि वाफ किती आली म्हणशील, तर अगरबत्तीएवढी. मग तीही बंद. शेवटी पोरीबाळींसारखा टॉवेल डोक्यावर घेऊन पातेल्यातली वाफ घेत बसला. दुकानामागच्या धुळीत जे टिकत नाही ते डोंगरात काय टिकणार?

फोनवर बोलत नाही, कारण आमच्या घरातला फोन म्हणजे दुकानाचा फोन. तुझा निरोप आला की तुझा भाई तो मोठ्या आवाजात लावतो आणि उभं गिऱ्हाईकही ऐकतं. म्हणून कागद. धनेश भेंडीची गाडी घेऊन तिकडे तुमच्या मवालेहच्या बाजारात येतो, तो हे पत्र तुझ्या यासिरच्या हातात देईल. उत्तरही धनेशच्याच हाती दे. हे मशीन उघड्यावर वापरायचं आहे की नाही, एवढं सरळ कळव. गोल गोल लिहू नकोस.

अम्मा खुशाल आहे, फक्त गुडघे बोलतात. अंबरीनला दुआ. माझ्या बोलण्याचा राग आला तर येऊ दे, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी भाभी,
सफूरा

०

वादी कबीर,
मंगळवार, १२ सप्टेंबर २०२३

ति. सफूरा भाभींस,
रुबिनाचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. यासिर म्हणाले, धनेशने ते भेंडीच्या खोक्यात ठेवलं होतं, म्हणून त्यावर हिरवे डाग पडलेले. आतला मजकूर मात्र मिरचीचा होता.

भाभी, तुम्ही माझी इस्त्रीसुद्धा नुसती बघून चालणार नाही म्हणाला होतात. ती अजून चालते. तरी तुमचं पत्र आल्यावर मी औषधांच्या दुकानात जाऊन परत विचारलं आणि अंबरीनला बसवून मशीनबरोबरचा कागद पहिल्यापासून वाचून घेतला. ती इंग्रजीत वाचते आणि मराठीत सांगताना अडखळते, त्यामुळे आमची संध्याकाळ त्यातच गेली. त्यात लिहिलंय की मशीन बाहेर न्यायचंच आहे. बॅटरीवर चालतं, गाडीत चार्ज होतं, हातातून पडलं तरी लगेच फुटत नाही. पण औषधाच्या कपाच्या तळाला एक जाळी असते. तिची भोकं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ती बुजली की वाफ बंद. म्हणून आत फक्त औषध आणि दवाखान्यातलं मीठपाणी घालायचं, दुसरं काही नाही. बुजलीच तर पाण्यात थोडा पांढरा सिरका घालून जाळी त्यात बुडवून ठेवायची आणि उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. भाई आत काय घालतात ते जरा बघा.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. भाईंचा फोन आला होता. मी त्यांना जा म्हणाले. वर्षभर ते त्या दुकानात बरण्यांमागे उभे असतात. वरून येतात तेव्हा त्यांचा आवाज बदललेला असतो. अम्मापण म्हणते की तेवढे दिवस हा लहानपणी होता तसा असतो. यंदा गेले नाहीत तर अर्बाब दुसरा माणूस बघेल आणि मग पेट्या कायमच्या त्याच्याकडे जातील. भाई काही बोलणार नाहीत, पण मनाने खचतील. मला तेही बघवणार नाही.

अंबरीनची सहामाही चालू आहे, नाहीतर आम्ही येऊन गेलो असतो. ती मामीला सलाम सांगते. तुमचा राग असा कागदावर येत राहो, म्हणजे तुम्ही बऱ्या आहात हे कळतं.

आपली,
रुबिना

०

सहम,
रविवार, १७ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रुबिनास,
भाभीचा सलाम वि. वि.

सापडलं. तुझा भाई मशीनमध्ये झमझम घालत होता.

आता ह्यात तुझा हात किती ते बघ. तू उमऱ्याहून आणलेली झमझमची बाटली आणि हे मशीन एकाच पिशवीत, शेजारी शेजारी ठेवून पाठवलंस. ह्याने धरून चाललं की बहिणीने मशीनबरोबर मशीनचं पाणी पाठवलंय, आणि तेही मक्केहून. दवाखान्यातलं मीठपाणी कपाटात जसंच्या तसं, आणि हा बिस्मिल्ला म्हणून औषधात झमझम ओततोय. मी विचारलं तर म्हणतो, त्यात शिफा आहे, आजार बरा होतो. आता मी काय बोलू? झमझम घालू नको म्हणणारी बाई व्हायचं का मी? अम्मा बाजूला तसबीहची माळ घेऊन बसलेली. शेवटी म्हटलं, झमझम पोटात घे, औषध छातीत घे. ते अम्मालाही पटलं. कपात उरलेलं मोरीत टाकायला हात धजला नाही, म्हणून अंगणातल्या लिंबाच्या मुळाशी ओतलं. कढईला खारं पाणी लागून पांढरा थर बसतो ना, तसंच त्या जाळीचं झालं असणार. अंबरीनच्या कागदाप्रमाणे सिरक्यात ठेवली, धुतली, आणि वाफ आली. अंबरीनला सांग, मामी म्हणते तू पास.

पण मशीन घरात चाललं म्हणून मी गप्प बसणारी नाही. गुरुवारी तुझा भाई आणि नुमान वादीत जागा बघायला निघाले, मी पिकअपमध्ये चढून बसले. दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी मशीन मांडीवर घेतलं.

आता तू मागितलं नव्हतंस तरी माझं मत ऐक. उन्हात पुढच्या काचेखाली ठेवलं तर तापतं आणि बटण दाबूनही चालू होत नाही, सावलीत गार झालं की होतं. म्हणून जेवणाच्या झाकणाच्या डब्यात घालून सीटखाली ठेवायचं. डब्यात धूळही जात नाही. दगडांवर एकदा पडलं, खरं सांगायचं तर मीच पाडलं, नुसता ओरखडा आला. गाडीत चार्ज होतं. वाऱ्यात तोंडाच्या नळीने घेतलं तर निम्मी वाफ वादीला मिळते, नाकावरचा मास्क लावला तर वाया जात नाही. मशीनला मी नावं ठेवली होती ती मागे घेते.

पण पुढे ऐक. परतताना पुढे पाण्याचा टँकर होता. त्याची धूळ आत आली आणि तुझ्या भाईला खरंच दम लागला. नुमानने गाडी बाजूला घेतली. औषधाची ती प्लास्टिकची इवलीशी कुपी असते ना, मान पिळून तोडायची. ह्याचे हात असे थरथरत होते की पहिली कुपी वाळूत गेली. दुसरी मी दातांनी तोडली. मग हा मागे रेलला, मशीन आडवं झालं, वाफ बंद. मी एका हाताने मशीन सरळ धरलं आणि एका हाताने ह्याचं डोकं. आराम पडला, पण मी नसते तर त्याच्या मांडीवर चालू मशीन असून वाफ नसती.

तर माझा निकाल असा. मशीन डोंगरावर चालतं. तुझा भाई त्याच्याबरोबर एकटा चालत नाही. तू त्याला जा म्हणालीस, आता ह्याचं काय करायचं ते तूच सांग.

तू लिहितेस ते खरं आहे, तेही सांगते. वर पोचल्यावर त्याने सिद्राची एक फांदी ओढून कळ्या बघितल्या आणि माझ्याशी इतकं बोलला की दुकानात महिनाभरात बोलत नाही. मला अर्धं कळलं नाही. मी हूं हूं करत होते.

यासिरला सलाम. आमच्यावर आहे तसा जीव असू दे.

तुझी भाभी,
सफूरा

०

वादी कबीर,
बुधवार, २० सप्टेंबर २०२३

ति. सफूरा भाभींस,
रुबिनाचा सलाम वि. वि.

झमझमचं वाचून यासिर इतके हसले की चहा सांडला. मला हसू आलं नाही. पिशवीत कोपऱ्यात जागा होती म्हणून बाटली तिथे घातली, दोन्ही कशासाठी आहेत ते सांगायचं मात्र राहिलं. पुढचं मात्र दोनदा वाचलं. हात थरथरतात हे भाईंनी मला कधी सांगितलं नाही. फोनवर ते नेहमी ठीक असतात.

मी औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कुपी आधी तोडून ठेवता येत नाही, औषध बिघडतं. आडवं केलं तरी चालेल असं दुसरं मशीन मिळतं, पण ते विजेवरचं, मोठं, तंबूत काय उपयोगाचं. म्हणजे कोणीतरी जवळ असायलाच हवं.

नुमानला शिकवलं तर? तो भाईंना मानतो. गेल्या वर्षी त्यानेच आणलं ना खाली. तुम्ही त्याला एकदा कुपी तोडायला आणि मशीन सरळ धरायला दाखवा, तुमच्यासमोर करून घ्या. मग कोणालाच भीती नाही. मला हाच मार्ग दिसतो. भाईंना आता नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही, भाभी. त्यांनी तंबूचे दोर बदलून घेतले असं अम्माने फोनवर सांगितलं.

अम्माला इकडे आणायचं माझ्याही मनात आहेच. अंबरीनची परीक्षा होऊ दे, मग बघू. आमचा फ्लॅट तुम्हाला माहीत आहे, दोन खोल्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. तिच्या गुडघ्यांचा विचार करूनच गप्प आहे, दुसरं काही नाही.

तुमच्या पुढच्या पत्राला मी घाबरते आहे. तरी लिहा.

आपली,
रुबिना

०

सहम,
रविवार, २४ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रुबिनास,
भाभीचा सलाम वि. वि.

घाबरतेस ते बरोबर करतेस.

नुमान ह्याच्याबरोबर नसणार. अर्बाबने यंदा पेट्या वाढवल्या आणि दोन ठिकाणी ठेवायच्या ठरवल्या. नुमान पलीकडच्या वादीत, तुझा भाई अलीकडच्या. दोघांमध्ये डोंगर. हे तुझ्या भाईला पहिल्यापासून माहीत होतं. मला काल कळलं, तेही नुमानकडून. मी दोन वेळा जेवणापलीकडे बोलले नाही. मग तो स्वतःच आला आणि म्हणाला, सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. मी म्हटलं, हो, दिलं नसतं.

आणि मग मी विचार केला. धूर करू नको म्हटलं तर माश्या ऐकत नाहीत. धूळ उडू नको म्हटलं तर वारा ऐकत नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, जाऊ नका असंच मी सांगेन. गेलातच तर एक वाफ घेऊन आराम पडला नाही की दुसरीची वाट न बघता खाली आणायचं. खाली आणणार कोण? ज्याला दम लागलाय तोच गाडी चालवणार का?

तेव्हा मी जाते. लायसन्स मी तुझ्याआधी काढलंय आणि पिकअप मला चालते. कुपी तोडता येते, मशीन धरता येतं. पेटी उघडताना धूर मी करणार आणि हा वारा येतो त्या बाजूला उभा राहून मला शिव्या देणार, असं ठरलंय. अर्बाबकडे मी स्वतः गेले. तो म्हणाला, तुझी मर्जी. त्याच्या घरच्या बाईने तंबूत घालायला जाड चटई दिली. तुझा भाई आधी म्हणाला की बायकोला घेऊन डोंगरावर जाणारा माणूस सगळ्या सहममध्ये आपण एकटेच असू. मग दुसरा डबा-पेला काढून धुवायला लागला.

राहिली अम्मा. ती तंबूत राहू शकत नाही आणि इथे एकटी राहू शकत नाही. शेजारणीने एखादा दिवस बघितलं तर बघितलं, फुलोरा संपेपर्यंत कोण बघणार? तेव्हा अम्मा तुझ्याकडे. तुझ्या दोन खोल्या मला पाठ आहेत. जिना यासिर एकदा चढवेल, रोज रोज चढायचा नाही. अंबरीनची परीक्षा असेल तर अम्मा तिच्या पाठीशी दुआ करत बसेल, त्याने मार्क कमी होत नाहीत. गुडघ्यांचं कारण मला सांगू नकोस. गुडघे माझ्याकडेही तिचेच होते.

मी भांडत नाहीये. तुला भाई वर जायला हवा आहे, मलाही हवा आहे, हे आता मी लिहून देते. पण तू दिलंस ते मशीन आहे. मशीन धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस इथून उठला की इथे त्याच्या जागी दुसरा बसायला लागतो. तो तू.

गुरुवारी मिलादची सुट्टी आहे, यासिर गाडी घेऊन येऊ शकतो. शुक्रवारी पेट्या चढणार. तुझं उत्तर बुधवारी धनेशच्या गाडीने आलं पाहिजे. हो असेल तर अम्माची पिशवी भरून ठेवते. नाही असेल तर नाही लिही, मी रागावणार नाही. पण मग, वर जाऊ नकोस, हे तुझ्या भाईला मी सांगणार नाही. गुरुवारी इथे येऊन, त्याच्यासमोर बसून, तू सांगायचं.

बुधवार. विसरू नकोस.

तुझीच भाभी,
सफूरा