रस्त्यातली पिवळी खुर्ची

प्रिय वर्लावन्सं यांना आर्डिसचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? थंडी सरेपर्यंत तळघराच्या पायऱ्या उतरू नका, मुरांब्याच्या बरण्या ड्वेनरावांना आणू द्या. ते ठणठणीत असतील, याबद्दल मला शंका नाही. मी बरी आहे. आता वाचायला निवांत बसा, कारण मी शिकागोला लेकीकडे, जोअलिनकडे, शनिवार-रविवार राहून आले, आणि तुमच्या भावाची पिकअप थोडक्यात वाचली.

बसने जा, असं तुम्ही बजावलं होतं. मी पिकअपनेच गेले, आणि सगळी वाट काच न उघडता गेले. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा मी दारातून इतक्या घाईने बाहेर पडले आणि ते लावून घेतलं, की शेजारच्या गाडीवाल्याने विचारलं, आत कुत्रा आहे का. (ओर्विलना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्या पाइपच्या चेरी तंबाखूचा वास त्या गाडीत अजून आहे. पडद्यांचा गेला. कोटाचाही गेला, कोट तुम्ही धुतलात. चांगल्या मनाने धुतलात, मला ठाऊक आहे.)

शुक्रवारी संध्याकाळी पोचले तर जोअलिनच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ आणि गाड्या दाटीवाटीने उभ्या. फक्त तिच्या दारासमोर एक जागा स्वच्छ खरवडलेली, आणि तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक पिवळी खुर्ची. तिचा एक पाय डगमगत होता. आपल्याकडे रस्त्याकडेला ठेवलेली वस्तू ज्याला हवी त्याने न्यायची असते. पाय मोडका म्हणून कुणी टाकली असेल, ओर्विल असते तर तासाभरात दुरुस्त केली असती, असा विचार करून मी ती उचलली, गाडी तिथे लावली आणि खुर्ची काखेत मारून वर गेले.

जोअलिनने दार उघडलं, खुर्ची पाहिली, खिडकीतून खाली पाहिलं आणि मटकन खाली बसली. (खुर्चीवर नव्हे.) तिथे म्हणे ज्याने फावड्याने जागा मोकळी केली, त्याने तिथे घरातलं काहीतरी मांडायचं, आणि बर्फ वितळेपर्यंत ती जागा त्याची. कुणी हात लावत नाही. लावला तर काय होतं, ते सांगायला ती धजेना. मी जाण्याआधी वाचनालयातून शिकागोवरची दोन जाडजूड पुस्तकं आणून वाचली होती. त्यांत खुर्चीबद्दल एक अक्षर नव्हतं.

गाडी काढायला मी बूट चढवत होते, तोवर खाली एक मोटार येऊन थांबली. म्हातारा उतरला. भोंगा नाही, शिवी नाही. खुर्ची होती त्या जागेकडे त्याने बराच वेळ पाहिलं, मग आमची नंबरप्लेट वाचली, मग मान वर करून एकेक खिडकी पाहू लागला. जावई ब्रेंटने झटकन दिवा मालवला. म्हणाला, समोरचे झिगमुंट आहेत, त्यांच्या हातात फावडं आहे, आज नको. मी पडद्यामागे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले, जणू तीच ओरडून सांगेल.

सकाळी पिकअप जेलीत घातलेल्या फळासारखी दिसत होती. झिगमुंटनी रात्री नळी लावून पाणी मारलं होतं. दारं, कड्या, सगळं बोटभर बर्फाखाली. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचा पडदा किंचित हलत होता. ब्रेंट हातोडा घेऊन आला. बाजूची काच फोडू, विमा भरून देईल, गाडी तशीही जुनी आहे, म्हणाला. मी काचेला पाठ लावून उभी राहिले.

"आत काहीच नाहीये, आई. नुसती टोपी आहे."

"फोडलीस तर खरंच काही राहणार नाही," मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही, पण हातोडा खाली आला. मी वर जाऊन खुर्ची आणली आणि समोरची घंटा वाजवली.

झिगमुंटनी आधी खुर्चीकडे पाहिलं. "ही हेलेनाची आहे."

"हिचा पाय डगमगतोय," माझ्या तोंडून गेलं.

"ती गेली तेव्हापासून. पण या गल्लीत कुणाची हिला हात लावायची छाती झाली नव्हती."

"मी आयोवाची आहे."

"ते प्लेटवर वाचलं, बाई. म्हणून टायर शाबूत आहेत."

मग मी त्यांना काच का उघडत नाही ते सांगितलं. वन्सं, हे मी पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं. ते आत गेले. मला वाटलं, आटोपलं. तर बायकोचा केस वाळवायचा गुलाबी पंखा आणि लांबलचक वायर घेऊन बाहेर आले. कडीपासून बर्फ वितळवत गेले आणि मी हात घातला की दटावत होते, ओढू नका, रबर फाटेल. ब्रेंट हातोडा धरून उभाच. शेवटी दार कुरकुरत सुटलं.

"लवकर आत सरका," मी म्हणाले, "आतली हवा जाईल." ते चालकाच्या बाजूने पलीकडे सरकले, मागोमाग मी, आणि दार लावलं. त्यांनी ओर्विलची टोपी उचलून मांडीवर ठेवली आणि एक श्वास घेतला.

"चेरी," ते म्हणाले.

मग ते अगदी बेताने श्वास घेत बसले, दुसऱ्याच्या घरचं पाणी जपून प्यावं तसे. काचांवर बर्फ होता, कुणाला आतलं दिसत नव्हतं. मी वर्षभरात पहिल्यांदा चारचौघांत रडले, म्हणजे एका माणसासमोर.

जोअलिन मजेत आहे, तिने तुमची चौकशी केली आहे. गुडघ्याला जपा.

तुमची भावजय,
आर्डिस

ता. क. ओर्विलना मूठमाती दिली त्या आठवड्यात ड्वेनराव त्यांचे लाकूड आवळायचे शिकंजे दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले, ते परत पाठवा. खरं तर पत्र त्यासाठीच आहे. पिवळी खुर्ची माझ्या स्वयंपाकघरात आहे, तिचा पाय चिकटवायचाय. झिगमुंटनी तूर्त जागेवर इस्त्रीची फळी मांडली आहे.

दुसरा ता. क. खुर्ची परत पोचवायला बर्फ वितळल्यावर मलाच जावं लागेल. बसमध्ये ती घेत नाहीत, मी विचारलं.

आणखी एक. निघताना झिगमुंटनी कोबीच्या गुंडाळ्यांचं गरम पातेलं माझ्या शेजारी ठेवून दिलं. गाडीत आता चेरीबरोबर कोबीचाही वास येतो. काच मी अजून उघडलेली नाही.