माझे मास्तर, माझ्या बाई आणि माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, गणिताची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी आज सकाळी डॉक्टरांना सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. ते म्हणाले, "मला सुलटाही येत नाही. देतो दाखला." वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठे सापडेना, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्चीवरच्या हक्कासह, माझ्या धाकट्या भावाला मिळावे. मी लग्न न करता नोकरी करायची म्हणाले, तेव्हा घरात तोच एकटा माझ्या बाजूने बोलला होता. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

२. बँकेतली ठेव त्याच्या बायकोला, माझ्या भावजयीला. चाळीस वर्षे तिने मला "मास्तरीणबाई" म्हणून टोमणे मारले, आणि माझा हात मोडला तेव्हा दोन महिने रोज माझी वेणीही तिनेच घातली. दोन्ही लक्षात आहे.

३. लाकडी कंपास, मोठा कोनमापक आणि पाठांच्या टाचणाच्या सर्व वह्या भाचीला द्याव्यात. ती सध्या शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे. या कलमाला थोडे लांबण लागेल, त्याला इलाज नाही.

सातवीत आम्हाला जे मास्तर होते, त्यांना सगळी शाळा 'तोफ' म्हणे. मी विचारले, अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा? "करायचा म्हणजे करायचा. अक्कल गहाण टाकून आलीस का?" असे म्हणून त्यांनी माझी वही खिडकीबाहेर भिरकावली. मी ती चिखलातून उचलून आणली आणि पुढची दोन वर्षे वर्गात तोंड उघडले नाही.

नववीत बाई आल्या. एकदा फळ्यावर समीकरण सोडवताना त्यांचे चिन्ह चुकले, आणि माझ्या तोंडून "उणे" निसटले. बाईंनी फळा नीट न्याहाळला, खडू माझ्या हातात दिला आणि माझ्या बाकावर जाऊन बसल्या. "मी अडकले गं. समजावून सांग." मी सांगितले. त्यांनी मधे दोन शंकाही विचारल्या, अगदी खऱ्या. मी शिक्षिका व्हायचे ठरवले ते त्या तासाला.

मला वाटले होते, आपण बाईंसारख्या होऊ. पण माणूस दोघांकडूनही शिकतो. नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी, शाळेची तपासणी तोंडावर असताना, मी एका मुलीच्या वहीचे पान फाडले. उत्तर बरोबर होते, रीत तिची स्वतःची होती. "हे कुठून उतरवलंस?" मी ओरडले, आणि मला माझ्याच तोंडून तोफ ऐकू आली. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिची माफी मागितली. तिने मान डोलावली, पण पुन्हा कधी हात वर केला नाही.

ती आता शिवणकाम करते. गेल्या वर्षी दुकानात जाऊन मी विषय काढला. गळ्यातली टेप काढून ठेवत ती म्हणाली, "बाई, तुम्ही माफी मागितली ते आठवतं मला. पण पान फाटल्याचा आवाजही आठवतो." तिने मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

४. माझे मोठे शिसवी टेबल त्या मुलीला द्यावे. कापड बेतायला बरे पडेल. नको म्हणाली, तर आग्रह करू नये.

५. भाचीसाठी आणखी थोडे. मागच्या महिन्यात ती पहिल्या सराव पाठावरून आली ती रडतच. "आत्या, मी फळ्यावर अडकले. पोरं हसली. मला नाही जमायचं हे."

"मग काय केलंस?"

"पुसून टाकलं आणि पुढचं उदाहरण घेतलं."

"उद्या त्याच वर्गावर जा. तेच उदाहरण लिही, आणि विचार, काल मी इथं अडकले, कुणाला काही सुचतंय का?"

ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा बाह्या खडूने पांढऱ्या झाल्या होत्या. "एकीला सुचलं, आत्या. माझ्यापेक्षा सोप्या रीतीनं. मी लिहून घेतलंय." चहा निवून गेला, तरी ती मला ती रीत दाखवत होती.

बाळ, वर्गात कोणी 'का' विचारले आणि तुला येत नसले, तर "मला माहीत नाही, उद्या शोधून येते," असे म्हण. आणि उद्या खरेच शोधून जा. मी मागे ठेवते त्यात याहून मोलाचे काही नाही.

या कागदात चार ठिकाणी खाडाखोड आहे. शाई लावून ती लपवलेली नाही. चारही ठिकाणी मूळ शब्द वाचता येतो आणि शेजारी माझी सही आहे.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरात
दिनांक: सतरा मार्च, मंगळवार
सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार:
१. (सही) आमचे डॉक्टर
२. (सही) खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई