एक मिनिट टिकलेला उंचवटा

दि. ४ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

बर्फाच्या डब्यातून सहा नळ्या पाठवते आहे. सातवी माझ्याकडे ठेवली, हात राखून. आठवडाभर खपून, खाटिकाकडून आणलेल्या बारा हृदयांमधून एवढंच एन्झाइम निघालं. चरबी सोलून सोलून बोटं आखडली आहेत. नळ्या आज सकाळी घाईघाईनेच धुतल्या आणि भरल्या, कारण तुमच्या साहेबांचा निरोप काल संध्याकाळी आला आणि सामानाची गाडी अकराची होती. साहेबांना म्हणावं, पुढच्या वेळी निदान दोन दिवस आधी सांगा.

फोन कर, असं आई म्हणते. पण फोनवर तुझ्याशी बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून पत्रच बरं. दोघी एकाच एन्झाइमच्या मागे आहोत, पण माझ्या वाट्याला खाटिकाची पायरी आणि तुझ्या वाट्याला ते नवं कोरं यंत्र. असो, ज्याचं त्याचं नशीब. आईचा गुडघा बरा आहे. दिवसातून चारदा तुझी आठवण काढते, माझ्याच हातचा चहा पीत.

माझ्यावर राग नसावा, ही इच्छा.
तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ताई, बसली आहेस ना? नसलीस तर बस, आणि हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

आई, आपण श्वास घेतो त्यातला प्राणवायू शेवटी ताईच्या या एन्झाइमच्या हाती लागतो. ते त्याचं पाणी करतं. पण एका फटक्यात नाही, मध्ये पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवरचा अर्धवट मोडलेला प्राणवायू इतका तापट असतो की बघेबघेपर्यंत पुढे निघून जातो. आमचं यंत्र उजेडाचा आलेख काढतं आणि प्रत्येक पायरीचा त्यावर आपापला उंचवटा येतो. पापणी लवायच्या आत तो जातोही. पण ताईने पाठवलेल्या नळ्यांमध्ये एक उंचवटा तब्बल मिनिटभर टिकला! सहाच्या सहा नळ्यांत! साहेब खुर्चीवरून उठले आणि माझा हात हातात घेऊन हलवतच राहिले.

छोटा लेख छापायला गेलासुद्धा. पहिलं नाव माझं, दुसरं साहेबांचं. बारा एप्रिलला मोठ्या सभेत भाषण आहे, तेही मीच करायचं. तुझे आभार शेवटच्या ओळीत आठवणीने घातले आहेत हं.

तुझ्या मायेची भुकेली,
बारकी

दि. २७ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

अभिनंदन.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण आईने तुझं पत्र जिन्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांना वाचून दाखवलं आणि वर मला म्हणाली की बारकीने नाव काढलं हो. तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. बावीस वर्षं मी हे एन्झाइम काढते आहे. ते जरा खराब झालं तर नुसत्या रंगावरून मला कळतं. तू पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आलीस तेव्हा हृदय बघून दारातच ओकली होतीस. आणि आता पहिलं नाव तुझं, दुसरं ज्याने नळी हातातसुद्धा धरली नाही त्याचं, आणि मी शेवटच्या ओळीत, वीजदुरुस्तीवाल्याच्या शेजारी. याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात.

तिसरं नाव माझं घालायला काय हरकत होती? साहेबांना विचारून कळव. लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकला पहिला डाग नेहमी तूच पाडायचीस, ते आठवलं.

ताई

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

विचारलं. साहेब म्हणाले की माल पुरवणाऱ्याचं नाव लेखावर घालायची पद्धत नाही. हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. मी आणखी भांडायला हवं होतं, पण भाषण तोंडावर आलं आहे आणि मला त्यांची गरज आहे. आता रुसू नकोस. तू रुसलीस की मला जेवण जात नाही.

तुझीच,
बारकी

दि. १२ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

एव्हाना तुझं भाषण झालं असेल. तुझा तो उंचवटा खोटा आहे.

माझ्या काचेच्या नळ्यांना बुरशी धरते, म्हणून मी त्या पेरॉक्साइडने विसळते आणि मग दिवसभर गरम कपाटात ठेवते, म्हणजे ते उडून जातं. आमच्याकडे ही सवयच आहे, त्यामुळे कृतीच्या कागदावर कधी लिहिलं नाही. चार मार्चला गाडी गाठायची होती. नळ्या ओल्याच भरल्या. पेरॉक्साइड म्हणजे तरी काय, अर्धवट मोडलेला प्राणवायूच. तो मिळाला की एन्झाइम थेट मधल्या पायरीवर जाऊन बसतं, आणि पेरॉक्साइड संपेपर्यंत तिथून हलत नाही. गोठलेलं असताना हे सगळं थांबून राहतं, वितळलं की सुरू होतं. बर्फात गोठवून ठेवलेली सातवी नळी मी माझ्या जुन्या यंत्रात लावली. प्राणवायू दिलाच नव्हता, तरी उंचवटा हजर.

हे मला चार तारखेला कळलं. त्याच दिवशी पत्र लिहिलं आणि कपाटात ठेवलं. दोनदा फोन उचलून खाली ठेवला. आठ तारखेला तुझं पत्र आलं, त्यातला 'माल पुरवणाऱ्याचं' हा शब्द वाचून मी पत्र आणखी आत सरकवलं. तू व्यासपीठावर उभी आहेस आणि लोक टाळ्या वाजवताहेत, हे डोळ्यांसमोरचं चित्र मला बघवत नव्हतं. त्या टाळ्या खोट्या आहेत हे मला एकटीलाच माहीत आहे, याचं बरं वाटत होतं. आज सकाळी आई तुझ्यासाठी हात जोडून बसलेली दिसली, तेव्हा ते पत्र फाडलं आणि हे लिहायला बसले.

ताई

दि. २१ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

टाळ्या खूप झाल्या. लेखही त्याच दिवशी छापून आला. तुझं पत्र मिळाल्यावर तुझ्याच नळ्यांतला उरलेला नमुना घेतला, आधी पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेजचा थेंब टाकला आणि मग प्राणवायू दिला. उंचवटा आला नाही. तीनदा करून बघितलं. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. दोन दिवस मीही तुझ्याशी मनातल्या मनात बोलत नव्हते.

हेव्याचं म्हणशील तर मलाही तुझा हेवा वाटतो. आई राहते तुझ्याकडे. आणि हा थेंब टाकून बघायचं बावीस वर्षं हात माखून घेतलेल्या बाईला सुचलं असतं, मला नाही सुचलं.

चुकीची जाहीर कबुली छापावी लागणार. मसुदा सोबत आहे. चूक तुझ्या सातव्या नळीने पकडली, म्हणून पहिलं नाव तुझं. साहेबांनी या खेपेला अजिबात हरकत घेतली नाही. त्यात लिहिलं आहे की चूक लक्षात येताच कळवण्यात आली. आईलाही मी तेच सांगितलं आहे. सही करून पाठव.

तुझी,
बारकी

दि. २६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

मसुदा मिळाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव पहिलं आलं आणि तेही चुकीच्या कबुलीवर. खूप हसले, मग थोडी रडले. आईला वाटलं बक्षीस मिळालं. तिला सगळं सांगितलं, आठ दिवसांचंसुद्धा. ती म्हणाली की बारकीला आधी जेवायला बोलाव.

तेव्हा ये. येताना एप्रन आण. या वेळची हृदयं तुला सोलायची आहेत आणि दारात ओकायला परवानगी नाही. नळ्या मी कालच धुऊन कपाटात ठेवल्या आहेत.

सही केली आहे. फक्त मसुद्यातले 'लक्षात येताच' हे शब्द खोडून त्या जागी 'लक्षात आल्यावर आठ दिवसांनी' असं लिहिलं आहे. ते पुन्हा बदलू नकोस. पहिलं नाव माझं आहे.

तुझी ताई