सुदामा नगरातली इटालियन मशीन

२ मार्च, रविवार
महूहून जुनी इटालियन एस्प्रेसो मशीन आणली. पितळी, लांब दांड्याची. दांडा ओढायचा, सोडायचा, आतली स्प्रिंग कॉफी पिळून काढते. बस. दोन-तीन दिवसांत चालू करीन. मग बँकेचा राजीनामा, पलासिया चौकात कॅफे. शालिनी म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा. बायकोला व्हिजन नाही.

५ मार्च
मशीन पूर्ण उघडली. पार्ट डायनिंग टेबलावर क्रमाने मांडलेत. जेवण सध्या जमिनीवर. तब्येतीला चांगलंच.

७ मार्च
श्रियाने टेबल आवरलं. क्रम गेला. म्हणे, पप्पा, उद्या माझा बारावीचा पेपर आहे, अभ्यास कुठे करू? हल्लीच्या मुलांना बहाणेच फार.

१२ मार्च, सकाळी
बॉयलरचा खार काढायला निंबूचं सत घालून पाणी उकळलं. पाणी हिरवंगार निघालं. म्हणजे साफ होतंय. ज्यात ओतलं ते दुधाचं पातेलं निघालं. शालिनी बोलत नाही. शांततेत काम चांगलं होतं.

१७ मार्च
जोडली. काही वॉशर आणि एक स्क्रू उरला. इटालियन लोक एक्स्ट्रा देत असावेत. रविवारी मॅनेजर देवयानी मॅडम आणि सगळा स्टाफ घरी. एका हाताने कॉफी देणार, दुसऱ्या हाताने राजीनामा.

२३ मार्च, रविवार
सगळ्यांसमोर दांडा ओढून सोडला. तो सटकन उलटा आला आणि हनुवटीवर बसला. म्हणजे स्प्रिंग उत्तम आहे. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नाही. भाषण राहिलं. राजीनामा खिशातच.

२४ मार्च
बँकेत सगळीकडे माझी जय हो. कॅशियर पंढरीनाथजी म्हणाले, भिया, ऐसी कॉफी इंदूरात कुठे मिळत नाही. मानेनेच आभार मानले. संध्याकाळी श्रियाकडून कळलं, मी दवाखान्यात असताना आईने सगळ्यांना हाताने फेटलेली इन्स्टंट कॉफी पाजली.

३० मार्च, पाडवा
देवयानी मॅडमचा फोन. मीच उचलला. म्हणाल्या, शालिनीजींना द्या. उद्या बँकेचं मार्च क्लोजिंग, सगळ्या स्टाफसाठी तीच कॉफी हवी आहे. शालिनी हो म्हणाली. मग इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. विचारलं, टाके हनुवटीलाच आहेत ना, हात ठीक आहेत?
दुपारपासून फेटतोय.