दसऱ्याची पहिली केबल

नाशिक रोड,
घटस्थापना, २००४

प्रिय दिशा,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दसऱ्याला ललितच्या घरचे लग्नाचं बोलायला येतील तेव्हा हॉलमधलं ते सामान आतल्या खोलीत ठेवाल का? तेवढ्या दिवसापुरतं." मी "बघू" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. आता बघून झालं. ठेवणार नाही. उत्तर एवढंच आहे, पण इथंच थांबलो तर तू रुसशील, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या गिटारला, ॲम्पला तू 'सामान' म्हणालीस, तो शब्द मला लागला, पोरी. शिवाय तू त्यांना सांगितलं आहेस की वडील संगीत शिक्षक आहेत. आईकडून कळलं. संध्याकाळी दोन मुलं माझ्याकडे शिकायला येतात, तेव्हा अगदीच खोटं नाही. पण या घरात आजवर जो भात शिजला तो माझ्या रॉक वाजवण्यावर शिजला. हॉटेलांत वाजवलं, कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजवलं, "हिंदी वाजवा" म्हणून ओरडणाऱ्या वऱ्हाडापुढेही वाजवलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, ते मी देवापुढे बसून शोधलं. सापडलं नाही.

लाल गिटार व्हिक्टर अंकलची, हे तुला माहीत आहे. ते इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते आणि संध्याकाळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या क्लबात, वाजवायचे. मी घोटीजवळच्या आमच्या शाळेतून नुकताच मॅट्रिक झालो होतो. मला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी धड येत नव्हतं, त्यामुळे सगळी शिकवणी बोटांनीच झाली. ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा गिटार माझ्या गळ्यात अडकवून म्हणाले, "जोर से बजाना." मी तेवढं ऐकलं. माझा हात टेकतो तिथला तिचा रंग आता उडून लाकूड दिसतं. पाहुण्यांनी ते खुशाल पाहावं.

पेडलं ज्या पाटावर ठोकली आहेत तो तुझ्या आजीचा जेवायला बसायचा पाट. मी मागितला तेव्हा ती म्हणाली, "त्याला पाय लागंल ना रं." मी म्हणालो, आई, पायानंच दाबायची असतात ही. एकानं आवाज फाटतो, एकानं रडतो, एकानं घाटातल्यासारखा घुमून परत येतो. तिला काहीच कळलं नाही. तिनं पाटाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "आता ठेव पाय." आजही स्टेजवर पहिलं पेडल दाबण्याआधी मी वाकून त्या पाटाला हात लावतो. मुझफ्फर ड्रमवर बसून काड्या फिरवत म्हणतो, "भाऊ, तुझं आटोपलं की सांग, मग स्टेज मोडू." आणि मी डोळे मिटले की तोही हळूच बिस्मिल्ला म्हणून घेतो. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही.

गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या व्हॉल्व्हच्या ॲम्पची गोष्ट तुझ्या आईला विचार. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी गिटार, पेडलं, ॲम्प सगळं पूजेला मांडलं. शेजारी कुणाच्या पूजेला विळा-कोयता होता, कुणाच्या पूजेला पाना. माझी अवजारं ही. आईनं भक्तिभावानं फुलानं पाणी शिंपडलं, ॲम्प चालू असताना. मोठा बार झाला आणि सगळ्या चाळीत अंधार. "तुमचं दैवत फार तापट आहे," ती म्हणाली. तेव्हापासून ॲम्पला फक्त कुंकवाचं एक बोट, तेही बंद असताना. नवमीला अवजारं मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत वाजवायचं नाही, आणि मग पहिली केबल तू लावायची, हा पायंडा तूच पाडलास. परकर सावरत यायचीस, दोन्ही हातांनी केबल खुपसायचीस. ॲम्प गुरगुरला की घरभर ओरडायचीस, "देव उठला!"

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. तुझे आजोबा रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मजूर, होते. मी वाजवतो हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पोरगं रेल्वेत हाय." मी घरी जायचो तेव्हा गिटार स्टेशनवरच ओळखीच्या हमालाकडे ठेवावी लागे. ते गेले तेव्हा दहाव्याला नदीवर गावातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कंच्या शेडला असतो रं तू?" पिंडाला कावळा शिवायचा होता. वडिलांना तिथं खोटं पाडणं जमलं नाही. "इगतपुरीलाच," मी म्हणालो. आणि लगेच कावळा शिवला. लोक म्हणाले, सुटला बिचारा. मी मात्र तिथं अडकलो.

वडिलांनी मला लपवलं, ते मी सोसलं. त्यांना वेगळं काही माहीतच नव्हतं. पण लहानपणी ॲम्पवर डोकं टेकून झोपणाऱ्या माझ्या मुलीनं मला लपवावं, हे मी सोसणार नाही.

म्हणून काल ललितच्या वडिलांना दिंडोरीला फोन केला. सांगितलं, मी शिक्षक नाही, गिटार वाजवतो, रॉक. ते म्हणाले, "म्हंजे आर्केस्ट्रा का?" मी म्हणालो, त्याहून मोठ्यानं. "या वयातबी?" म्हटलं, हो, या वयातही. मग ते "बघू" म्हणाले. तो 'बघू' मला चांगला ओळखीचा आहे, त्यातून काहीही निघू शकतं. लग्न मोडलं तर दोष माझा, तो मी घेईन. पण खोट्या बापाची मुलगी म्हणून तुला त्या घरात पाठवणार नाही.

हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. दसऱ्याला ते आले तर त्यांच्यासमोर पूजा होईल आणि मी वाजवीन, व्हिक्टर अंकलनी सांगितलं तसं. पहिली केबल तूच लावायची. लाज वाटली तर आतल्या खोलीत जाऊन बस, तिथं सामान ठेवलेलं नाही, जागा भरपूर आहे. पण दुसऱ्या कुणाला मी केबलला हात लावू देणार नाही. पाहुणे चहा घेऊन उठून गेले, तरी ती केबल ॲम्पसमोर तशीच पडून राहील आणि मी गिटार मांडीवर घेऊन बसून राहीन, तू बाहेर येईपर्यंत.

तुझाच,
गिटार वाजवणारा बाबा